वाटणीबाहेरचा पोरगा

"माझ्या पोराला निवडू नका," निगवेकरबाई म्हणाल्या.

मुनीर बागवानच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात आम्ही चौघं बसलो होतो. बाईंना ओळखायला आम्हाला थोडा वेळच लागला. त्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसायच्या, आणि इतकी वर्षं आम्ही त्यांना जाळीच्या चौकटीतच पाहत आलो होतो. त्या चालत कुठंही जाऊ शकतात हे त्या शनिवारी प्रथम लक्षात आलं.

"कुणाला निवडू नका?" सरनाईक अण्णांनी विचारलं.

"संग्रामला. उद्या तुमची वाटणी आहे ना?"

वाटणीबद्दल सांगायला हवं. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगणं मी सोडून दिलं आहे. ज्या तालमीत कुस्तीचा हौदा, त्याच तालमीचा फुटबॉलचा संघ, आणि एका पेठेतला माणूस दुसऱ्या पेठेच्या गोलला टाळी वाजवेल तर त्याच्या घरचे त्याला डॉक्टरकडं नेतील, इतकं सांगितलं तरी पुरे. दर वर्षी कॉलेजांचे सामने संपले की त्यातली चांगली पोरं कुठल्या तालमीकडं जाणार, यावर गावात दुसरा विषय नसायचा. आम्ही चौघांनी त्याचा खेळ केला होता. कॉलेजांचा अंतिम सामना आणि तालमींची नोंदणी यांच्यामध्ये जो रविवार येई, त्या दिवशी आम्ही ती पोरं आपापसांत वाटून घ्यायचो. जणू चौघांच्या चार तालमी. एकेकानं क्रमानं एक पोरगा मागायचा. मागितला की तो त्याचा. पुढं नोंदणीत रणझुंजार किंवा काळभैरव या दोन बड्या तालमींपैकी कुणी त्या पोराची सही घेतली, की मागणाऱ्याला एक गुण. ज्याचे गुण जास्त, त्यानं वर्षभर दुकानातल्या एकमेव हातांच्या खुर्चीत बसायचं. ज्याचे सगळ्यांत कमी, त्याला पुढच्या वर्षी पहिला मान.

या सगळ्याची पोरांना कल्पना नसायची, तालमींना नसायची, आणि आमच्या घरी तर कुणाला असूच नये अशी आमची इच्छा होती. कारण आम्ही काही वयानं लहान नव्हतो. अण्णा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. स्टँड सुटला तरी आवाज स्टँडवरचाच राहिलेला. मगदूमचं चष्म्याचं दुकान. मी शाळेत भूगोल शिकवायचो. मुनीर आमच्यात तरुण, म्हणजे त्याला नुकताच नातू झाला होता.

"आमची वाटणी म्हणजे गंमत हो बाई," मी म्हणालो. "आम्ही कोण निवडणारे?"

"उद्या बराले पंखा घेऊन येतील," बाई म्हणाल्या.

सदाशिव बराले म्हणजे रणझुंजार तालमीचे सेक्रेटरी.

"येतील की," मुनीर म्हणाला. "जुनं गिऱ्हाईक हाय माझं. दर वर्षी येत्यात."

"दर वर्षी, याच रविवारी. तोच पंखा घेऊन."

मुनीरच्या हातातलं तारेचं रीळ थांबलं.

"आयला," तो म्हणाला. "त्यात कधी बिघाडच सापडत न्हाई. मी आपला म्हणतोय, एवढ्या लांबनं आणलाय तर निदान तेल तरी घालून द्यावं."

"आणि पंखा होईपर्यंत स्टुलावर बसून असतो," मगदूम सावकाश म्हणाला.

"म्हणजे मी पंख्याला तेल घालतोय, आणि हा गडी डोळ्यांत तेल घालून बसतोय!"

आम्हाला आधी धक्का बसला आणि त्याच्या पाठोपाठ आनंद झाला. आमच्या गंमतीवर रणझुंजारसारखी तालीम चालते! मग मगदूमचा चेहरा हळूहळू उतरला. गेलं वर्षभर खुर्चीत तो बसत होता, आणि आपले अंदाज अचूक येतात असं त्याला वाटत होतं. अंदाज कसले? आम्ही म्हणत होतो आणि बराले करत होते.

"तुम्ही सगळ्यांत आधी ज्याचं नाव घेता, त्याला ते उचलतात," बाई म्हणाल्या. "त्यांना स्वतःला खेळातलं काही कळत नाही. तुम्ही संग्रामचं नाव घेतलं नाहीत तर त्यांच्या ध्यानातही यायचा नाही. आणि एकदा सही झाली की तीन वर्षं पोराला हलता येत नाही."

"पण का?" अण्णा म्हणाले. "बँकेच्या परीक्षेला बसवताय का?"

"कारण विचारू नका."

"पोराला विचारलंय?"

"एकोणीस वर्षांचा आहे तो. त्याला विचारलं तर रणझुंजारच्या दारात अंथरूण घालेल." बाईंनी अण्णांकडं नीट पाहिलं. "यंदा पहिला मान तुमचा आहे ना?"

तेही त्यांना ठाऊक होतं; तिकिटांच्या खिडकीवर गावातलं सगळंच कानावर येत असावं. अण्णा काही बोलायच्या आत त्या पायऱ्या उतरून गेल्यासुद्धा.

मग अण्णा बोलले, आणि बराच वेळ बोलले.

"मी शब्द दिलेला नाही. गेल्या वर्षी शेवटला आलोय मी. तुम्हाला वाटतं मुद्दाम आलो, पण तसं नाही, प्रामाणिकपणे आलोय. यंदा कुठं पहिला मान मिळालाय, आणि यंदाच असला डावा पाय आलाय. तो पोरगा कोपऱ्यातनं चेंडू मारतो तेव्हा चेंडू आधी विचार करतो आणि मग वळतो. असल्या पोराला सोडून मी काय मागू?"

"आई हाय ती, अण्णा," मुनीर म्हणाला.

"असू दे. आईला ऑफसाइड कळतं का?"

"तुम्हाला तरी कुठं कळतंय? परवा लाइन्समनला शिव्या घातल्या, तो गोल आपल्याच बाजूचा होता."

"ते वेगळं!" अण्णा उसळले. "आणि मी सुभाष पन्हाळकर काढला तेव्हा कुठली आई आडवी आली नव्हती."

सुभाष पन्हाळकर आला की अण्णांशी वाद घालण्यात अर्थ नसे. वाटणी सुरू झाली त्या पहिल्याच वर्षी, पहिलाच पोरगा म्हणून अण्णांनी मागितलेला हा खेळाडू. रणझुंजारनं त्याची सही घेतली आणि आमच्या खेळातला पहिला गुण अण्णांना मिळाला. तेव्हापासून अण्णा लग्नाला गेले तरी सुभाष पन्हाळकर निघायचा आणि मयताला गेले तरी निघायचा. त्या शनिवारी ते तसेच तणतणत घरी गेले. उद्या ते कुणाला मागणार, हे विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणी केलं नाही.

रविवारी बराले पंखा घेऊन आले.

एरवी आम्ही त्यांच्याकडं पाहतही नसू. त्या दिवशी चौघांनी त्यांच्याकडं इतकं रोखून पाहिलं, की त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या तपासून घेतल्या. "आवाज करतोय," असं पंख्याबद्दल सांगून ते स्टुलावर बसले. थोड्याच वेळात निगवेकरबाई मिक्सर घेऊन आल्या. तो खरंच बिघडला होता की नाही कोण जाणे. त्या रविवारी मुनीरच्या दुकानात चांगल्या वस्तूंचीच दुरुस्ती चालली होती. बराल्यांनी त्यांना ओळखलं नाही. सेक्रेटरी माणूस, पोस्टकार्डंसुद्धा कुणाला तरी पाठवून आणवायचा.

"हं, करा सुरू," मगदूम म्हणाला. "अण्णा, तुमचा मान."

अण्णा उभे राहिले. मानाचा दिवस म्हणून कोट घालून आले होते. बाईंकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

"नाव घेण्याआधी एक सांगतो," ते म्हणाले. "पोरगा ओळखायला नजर लागते. पहिल्या वर्षी याच जागेवर उभा राहून मी सुभाष पन्हाळकर मागितला होता—"

"मग त्याचं पुढं काय झालं?"

आवाज काउंटरपासून आला होता. अण्णा थांबले. इतक्या वर्षांत त्या वाक्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"काय झालं म्हणजे? रणझुंजारनं सही घेतली की त्याची. मला गुण मिळाला."

"ते कळलं," बाई म्हणाल्या. "नंतर? गोल किती मारले त्यानं?"

"गोल..." अण्णा माझ्याकडं वळले. "मास्तर, तो उपांत्य सामन्यातला गोल त्याचाच ना?"

"तो पाटणकरचा, अण्णा."

"मग ती पेनल्टी?"

"ती चुकली होती. आणि तो दुसराच कुणी होता."

मगदूमनं चष्मा काढून पुसायला घेतला. मी डोळे मिटून सुभाष पन्हाळकरला मैदानात पळताना आठवायचा प्रयत्न केला. रणझुंजारचा एकही सामना आम्ही चुकवलेला नव्हता. त्याचं नाव डोळ्यांपुढं लख्ख येत होतं, पण चेहरा येत नव्हता, आणि पाय तर नाहीच.

उत्तर बराल्यांनी दिलं. "होता की आमच्याकडं. गुणी पोरगं. तीन वर्षं होतं. पण पुढच्या फळीत आमची पेठेतलीच पोरं, त्याला जागा कुठनं देणार?"

"मग घेतलात कशाला?" बाईंनी विचारलं.

"अहो बाई, आम्ही घेतला नसता तर काळभैरवनं घेतला असता."

आभाळ आलंय म्हणून छत्री घेतली, इतक्या साधेपणानं ते म्हणाले. खरं तर पेठेत कुणालाही हे उत्तर पटलं असतं. आम्हालाही आदल्या दिवशीपर्यंत पटलं असतं.

"तीन वर्षं," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर तिकिटं देतानाचाच होता. "दर सामन्याला आई त्याच्या कपाळाला अंगारा लावायची. जर्सी घालून जायचा आणि तशीच परत घेऊन यायचा, घडी मोडल्यासारखीसुद्धा वाटायची नाही. आई तरी धुवायची. म्हणायची, दोरीवर वाळताना दिसली नाही तर शेजारचे काय म्हणतील."

"म्हणजे तुम्ही पन्हाळकरच्या..." बराले म्हणाले.

"बहीण."

"अस्सं! बरा आहे ना सुभाष?"

"बरा आहे. इचलकरंजीला सूतगिरणीत असतो. घरात फुटबॉलचं नाव काढलेलं चालत नाही त्याला."

"वा, वा," बराले म्हणाले. "सांगा मी विचारलं म्हणून."

अण्णा अजून उभेच होते. कोटाच्या खिशात घातलेला हात तसाच राहिला होता.  शेवटी बराल्यांनाच राहवलं नाही.

"हां, अण्णा. कुणाला मागताय मग?"

अण्णांच्या ओठांवर ते नाव दोन महिने बसलेलं होतं. आम्ही ते उठताना पाहिलं आणि परत बसतानाही पाहिलं.

"कळंबेकर," अण्णा म्हणाले.

"कोण?" मुनीर ओरडला, आणि त्यात नाटक नव्हतं.

कळंबेकर हा पळायला फार चांगला होता. चेंडू जवळ असला काय नि नसला काय, त्याच्या पळण्यात फरक पडत नसे. अण्णांच्या जिभेवर त्या क्षणी जे दुसरं नाव आलं ते हे, इतकंच. पण बराले स्टुलावर पुढं सरकले.

"कळंबेकर? आणि निगवेकर? गावभर तुम्हीच सांगत फिरताय की, असला डावा पाय बघितला नाही म्हणून."

"लांबून बघितला होता," अण्णा म्हणाले. "जवळून बघितल्यावर कळलं. डावा आहे, पण उजवा नाही."

"म्हणजे?"

"उजवा नुसता उभं राहण्यापुरता. चेंडू उजवीकडं आला की शेजारपाजारी बघतो, कुणी मदतीला येतंय का."

डाव्या पायावर जीव ओवाळून टाकणारा हा माणूस असं बोलताना आम्ही कधी ऐकला नव्हता. एकेक वाक्य काढताना त्यांना दाढ काढल्यासारखं होत होतं. मगदूम मदतीला धावला.

"नजरही अधू आहे त्याची. आला होता माझ्याकडं तपासायला." तो आला नव्हता.

"हेडिंगला गेला की डोळे मिटून घेतो," अण्णा म्हणाले.

"मुळीच नाही, तो—" बाई म्हणाल्या.

मुनीरनं मिक्सरचं बटण दाबलं. रिकामं भांडं असं काही किंचाळलं की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. त्या गदारोळात अण्णांनी स्टँडवरचा आवाज लावला. "आणि दम नाही! अर्धा सामना झाला की कमरेवर हात! आळशी!"

मिक्सर थांबला. बाईंचे कान लाल झाले होते. स्वतःच मागून घेतलेली गोष्ट कानांनी ऐकणं इतकं जड जाईल याची त्यांनाही कल्पना नसावी.

"मिक्सर बरा हाय, ताई," मुनीर हळूच म्हणाला.

"अजून एकदा चालवून बघा," बाई दात आवळून म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला मिक्सर जरा जास्तच वेळ चालला. तो बंद होईपर्यंत बराले उठले होते. मगदूम कुणाला मागणार, मी कुणाला मागणार, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आवाज करणारा पंखा तिथंच ठेवून ते निघाले, आणि कोपऱ्यावर वळताना त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलेलं आम्ही पाहिलं. कळंबेकर, कळंबेकर, असंच असणार.

बाईंनी मिक्सर पिशवीत घातला. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"डोळे मिटत नाही तो," त्या अण्णांना म्हणाल्या.

"मला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "सताड उघडे ठेवतो."

"उद्या त्याला गवंडी गल्लीच्या संघाकडं न्यायचं आहे. सही करायला."

आम्ही चौघंही त्यांच्याकडं बघतच राहिलो. आदल्या दिवसापासून आम्हाला वाटत होतं की बाई पोराला खेळापासून लांब ठेवतायत.

"गवंडी गल्ली?" अण्णांना राहवलं नाही. "अहो, शेवटच्या नंबरचा संघ तो! दर सामन्याला मार खातो!"

"खाऊ दे. पण त्यांच्याकडं अकरा माणसं भरायची मारामार आहे," बाई म्हणाल्या. "बाराव्याला बसवायला बाकच नाही."

त्या गेल्यावर आम्ही वाटणी पुढं चालू करायचा प्रयत्न केला. मगदूमनं एक नाव घेतलं. मी एक घेतलं. मग मुनीर म्हणाला, "चहा घेऊया का?" आणि तिथंच ती संपली.

पोरं आईचं ऐकतात तसं संग्रामनंही ऐकलं, तोंड पाडून सही केली. आईशी महिनाभर बोलत नव्हता असं कानावर आलं. हंगाम सुरू झाला आणि गवंडी गल्लीची गाठ रणझुंजारशी पडली. आम्ही चौघं नेहमीच्या जागी, अण्णा मधोमध. संग्राम पहिल्या शिट्टीपासून मैदानात होता. त्यानं एक सोपा गोल घालवला, दोनदा आपटला, एकदा पंचाशी हुज्जत घातली, आणि चिखलानं माखून एक गोल असा मारला की रणझुंजारचा गोली दुसऱ्या बाजूला झोपला. अण्णा उठून नाचतील म्हणून मी त्यांचा कोट धरायच्या तयारीत होतो. पण अण्णा मैदानाकडं बघतच नव्हते.

"तो कोण रे, बाकावर शेवटी बसलाय?" त्यांनी विचारलं.

आम्हाला तो कोण ते दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं.

"कळंबेकर," मुनीर म्हणाला.

 मध्यंतराला अण्णा उठले आणि पायऱ्या उतरून थेट रणझुंजारच्या बाकामागच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. अण्णा जन्मापासून काळभैरवचे. रणझुंजारच्या कठड्याला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. सामना परत सुरू झाला तसा त्यांचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू आला.

"बराले! कळंबेकरला उतरवा!"

लोक हसले. बराल्यांनी मागे वळून पाहिलं. "अण्णा, तुम्ही इकडं कुठं? तुमची पार्टी दुसरी की!"

"पार्टी राहू द्या! कळंबेकरला उतरवा!"

"उतरवू की सवडीनं. तुमचा कोण लागतो तो?"

"माझ्या वाटणीचा आहे!" अण्णा ओरडले.

याचा अर्थ बराल्यांना लागला असेल असं मला वाटत नाही. पण अण्णा काही थांबेनात. शेवटी रणझुंजारची तीन गोलांची आघाडी झाली म्हणून म्हणा, किंवा मागचा भोंगा एकदाचा बंद व्हावा म्हणून म्हणा, त्यांनी कळंबेकरला उतरवलं. तो जीव खाऊन पळाला. चेंडू त्याच्याकडं एकदाच आला, आणि त्यानं तो सरळ प्रेक्षकांत मारला. अख्ख्या मैदानात अण्णा एकटे टाळ्या वाजवत होते.

सही तीन वर्षांची होती. तीन वर्षं अण्णांनी रणझुंजारचा एकही सामना चुकवला नाही, आणि प्रत्येक सामन्याला त्याच कठड्यापाशी उभे राहिले. काळभैरवची माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. रणझुंजारची माणसं त्यांना वेडं समजायची. कळंबेकर कधी पाच-दहा मिनिटं उतरायचा, बहुतेक वेळा नाहीच.

संग्राम निगवेकर गवंडी गल्लीकडूनच खेळत राहिला, आणि हरत राहिला, आणि पुढं केव्हातरी हे गाव त्याला नावानं ओळखू लागलं. पण ती त्याची गोष्ट.

तिसऱ्या हंगामात एकदा कळंबेकरनं मला बाजारात गाठलं. हातात भाजीची पिशवी होती. थोडा घुटमळला.

"सर, ते सरनाईक अण्णा माझे कोण लागतात?" त्यानं विचारलं. "घरी विचारलं, तर कुणालाच माहीत नाही."

मी म्हणालो, "त्यांनाच विचार."

त्यानं विचारलं नसावं. पण पुढच्या सामन्याला रणझुंजारची पोरं बाकावर बसली, तेव्हा तो आपली जागा सोडून बाकाच्या दुसऱ्या टोकाला, कठड्याला अगदी लागून, अण्णांच्या पुढ्यात येऊन बसला.